इंटरनेटचा दाब

माझ्या सासऱ्यांचा इंटरनेटबद्दल एकच सिद्धान्त आहे : ते पाइपातून येतं. तुम्ही हवेतून येतं म्हणा, काचेच्या तारेतून येतं म्हणा, नाहीतर कागदावर उपग्रह काढून दाखवा. ते सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि शेवटी विचारतात, "हो, पण मेन व्हॉल्व्ह कुठे आहे?" पालथ्या घड्यावर पाणी असं मी एकदा त्यांच्यासमोर म्हणाले, तर ते घडा सरळ करायला उठले. तेव्हापासून मी ती म्हण घरात वापरत नाही.

नोकरीत असताना ते पाणीपुरवठा खात्यात चावीवाले होते. म्हणजे काय, तर सायकलच्या दांडीला छातीइतकी उंच लोखंडी चावी बांधायची, ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्यावर जायचं, झाकण उचलून चावी खाली सोडायची आणि फिरवायची. त्या भागाला पाणी सुटायचं. उलटी फिरवली की बंद. सारं आयुष्य त्यांनी लोकांना पाळीपाळीने पाणी सोडण्यात घालवलं. अख्खी गल्ली त्यांना चावीकाका म्हणते. निवृत्त होताना खात्याने भिंतीवरचं घड्याळ देऊ केलं, तर हे म्हणाले घड्याळ राहू द्या, चावी द्या. ती चावी आमच्या दारामागे उभी असते. लग्न होऊन आल्यावर मी एकदा तिच्यावर ओढणी वाळत घातली होती. त्याच दिवशी सासऱ्यांनी ती ओढणी घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिली.

अशा माणसाच्या घरात इंटरनेट मंदावलं, आणि तेही नेमकं सासूबाईंच्या परीक्षेच्या तोंडावर.

सासूबाईंचं आधी सांगायला हवं, कारण जीव त्यांचा टांगणीला लागला होता. लग्न झालं तेव्हा त्या कॉलेजात होत्या. "पुढच्या वर्षी बघू," असं सासरे तेव्हा म्हणाले. ते पुढचं वर्ष मुलाच्या जन्मानंतर आलं नाही, मुलगा शाळेत गेल्यावर आलं नाही, मुलाचं लग्न होऊन मी या घरात आले तरी आलेलं नव्हतं. मग एक दिवस कोणालाही न विचारता त्यांनी घरबसल्या पदवी देणाऱ्या विद्यापीठात नाव घातलं. विषय घेतला तत्त्वज्ञान. सासरे म्हणाले, "अगं, काहीतरी उपयोगाचं घ्यायचं." त्या म्हणाल्या, "उपयोगाचंच करत आलेय इतकी वर्षं." लेखी पेपर त्यांनी एका दमात काढले. राहिली फक्त तोंडी परीक्षा, ती व्हिडिओवर.

पहिल्या खेपेला परीक्षकांनी विचारलं, "काळ म्हणजे काय?" सासूबाईंनी तोंड उघडलं आणि चित्र थिजलं. थिजलं ते तसंच, उघड्या तोंडाने. परीक्षकांनी बराच वेळ त्या तोंडाकडे पाहिलं असणार. शेरा आला : विद्यार्थिनी निरुत्तर. दुसऱ्या खेपेला त्यांनी चांगलं सविस्तर उत्तर दिलं, पण आवाज तुटत गेला आणि पलीकडे पोचले ते फक्त उत्तरातले 'नाही'. परीक्षक म्हणाले, बाई, परीक्षा द्यायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा. त्यावरही पलीकडे 'नाही' एवढंच गेलं. मग विद्यापीठाने कळवलं की तिसरी संधी शेवटची. तीही हुकली तर नाव कमी, आणि लेखीचे सगळे गुण पाण्यात.

"माझ्या ऑफिसातून द्या ना," मी म्हटलं. मी पाठ्यपुस्तकं छापणाऱ्यांकडे मजकूर तपासते. तिथलं इंटरनेट धावतं. मोबाइलवर तर विसंबायची सोयच नव्हती, कारण आमची गल्ली खोलगट जागी आहे. इथे मोबाइलची रेंज गच्चीच्या कोपऱ्यात, तीही एका पायावर उभं राहिलं तर मिळते. पण सासूबाई हटून बसल्या. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीने उठले-बसले. ही परीक्षा मी माझ्या घरात, माझ्या टेबलावर देणार. तुम्हा तिघांना मिळून एवढं जमवता येत नसेल तर तसं सांगा."

तिघांत माझा नवरा धरलेला होता, हा त्यांचा मोठेपणा. तो घरातल्या कुठल्याही अडचणीत "बघू या" म्हणतो आणि मग खरोखरच नुसता बघत बसतो.

तेव्हा सासऱ्यांनी दुरुस्ती हाती घेतली. आधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथल्या मुलीने सांगितलं, राउटर बंद करून थोड्या वेळाने चालू करा. सासऱ्यांचा चेहरा खुलला. फोनवर हात ठेवून आम्हाला म्हणाले, "पोरीला काम कळतं. पाइपात हवा धरली असेल, ती सोडायला सांगतेय." तेव्हापासून ते दर थोड्या वेळाने हवा सोडू लागले. मी एखाद्या पानावरच्या चुका दुरुस्त करून पाठवत असायचे आणि मागून हाक यायची, "हवा सोडतोय!" पान गेलं.

मग उंचीचा प्रश्न निघाला. पाणी उंचावरून खाली येतं, हे शाळेतलं पोरही सांगेल, मग राउटर टेबलावर का? तो आधी कपाटावर चढला, तिथून माळ्यावर गेला आणि शेवटी गच्चीत, पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर, उलट्या बादलीखाली. तिथे त्याला फक्त कबुतरं जोडली गेली. खाली आणल्यावर सासऱ्यांचं लक्ष तारेकडे गेलं. तार दारातून येत होती, भिंतीला धरून वळत होती, कपाटाला वळसा घालत होती. "एवढी वळणं! प्रत्येक वळणाला दाब मरतो," ते कळवळून म्हणाले, आणि दुपारच्या दुपारी त्यांनी ती तार सरळ केली. म्हणजे दारावरच्या भोकापासून समोरच्या भिंतीवरच्या राउटरपर्यंत, बैठकीच्या खोलीच्या मधोमध, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणून बांधली. ती बरोबर गळ्याच्या उंचीवर आली. आम्ही सगळे आपल्याच घरात वाकून वावरू लागलो. पाहुणे आले की मी दारातच सांगायचे, आधी वाका. एक लांबच्या नात्यातली बाई आमच्या घरच्या या नम्रपणाचं कौतुक करून गेली.

सासऱ्यांना चिडवायला मला फार आवडतं, पण त्या दिवसांत मला त्यांचा रागच यायचा. सासूबाई रोज टेबलाशी बसून पुस्तक वाचायच्या आणि अधूनमधून त्या तारेकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "सूनबाई, मला उत्तरं येतात गं. पण ती पोचणार नाहीत, याचीच भीती वाटते." आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना प्रश्न विचारत होतं, आणि उत्तर वाटेतच अडकत होतं.

कंपनीचा तारवाला येऊन गेला. त्याने आपलं यंत्र लावलं आणि सांगितलं की लाइन चकाचक आहे, तुमच्या दारापर्यंत भरपूर येतंय. मग राउटर तपासत तो म्हणाला, "काका, यावर पुष्कळ जण दिसतायत."

"असणारच," सासरे म्हणाले. "भरलं घर आहे."

मी आतून हे ऐकलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तारवाला चहा पिऊन, वाकून बाहेर गेला.

"दारापर्यंत भरपूर येतंय आणि आत पोचत नाही, याचा अर्थ एकच," सासऱ्यांनी जाहीर केलं, "घरात गळती आहे." आणि त्यांनी माळ्यावरून कांब काढली. पूर्वी जमिनीखालच्या पाइपाची गळती ते या कांबेने शोधत. एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाच्या हाडाला, आणि श्वास रोखून ऐकायचं. भर दुपारी त्यांनी घरातले पंखे बंद करायला लावले, आम्हाला ओळीने बसवलं, राउटरवर कांब टेकवली आणि डोळे मिटले. घामाने आमचे कपडे अंगाला चिकटले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "वाहतंय. सारखं वाहतंय. कोणीतरी नळ उघडा टाकलाय." मग कांब घेऊन ते आमच्या प्रत्येकाच्या फोनकडे गेले. नवऱ्याच्या फोनशी जरा जास्तच रेंगाळले.

"बाबा, मी फक्त बातम्या बघतो," नवरा म्हणाला.

"बातम्यांचा एवढा आवाज येत नाही."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाळ्या लागल्या. सकाळी स्वयंपाकघर, दुपारी सूनबाई, संध्याकाळी मुलगा. आपली पाळी नसताना जो फोनला हात लावील त्याची जोडणी तोडली जाईल. सासऱ्यांनी हे नेहमीच्या घरगुती आवाजात सांगितलं असतं तर मी भांडले असते, पण ते जुन्या सरकारी आवाजात बोलले आणि आम्ही निमूटपणे ऐकलं. एवढं करूनही इंटरनेट गोगलगायीच्याच चालीने चालत होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी गल्लीच्या टोकाच्या शिंप्याकडे गेले. नवऱ्याच्या पँटी आखूड करायच्या होत्या; तार लागू नये म्हणून वाकून वाकून त्याची उंची कमी झालीय असा त्याचा दावा होता, आणि त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा पँटी आखूड करणं सोपं होतं. शिंपी मशीन चालवत होता. समोर त्याने फोन टेकवून ठेवला होता आणि त्यावर एक सिनेमा चालला होता. न अडखळता, न थांबता, स्वच्छ. नटीच्या कानातलं डूलसुद्धा दिसत होतं.

"तुमचं इंटरनेट फार छान चालतं हो," मी म्हटलं. माझ्या आवाजात हेवा असणार.

"छान म्हणजे काय, चावीकाकांची कृपा!" शिंपी म्हणाला. "सकाळी दुकान उघडलं की लावतो, ते रात्री बंद."

मी त्याचा फोन उचलून पाहिला. जोडणीचं नाव होतं 'सार्वजनिक नळ'. ते आमच्या राउटरचं नाव आहे. सासऱ्यांनी ठेवलेलं. आम्ही तेव्हा ते विनोद म्हणून घेतलं होतं.

"पासवर्ड कोणी दिला?"

"तो काय," शिंप्याने हातातल्या खडूने बाहेर दाखवलं. दुकानाच्या भिंतीवर, शिंप्याच्याच खडूने, माझ्या सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात आमचा पासवर्ड लिहिलेला होता. खाली ओळ होती : कृपया वाया घालवू नये.

परत येताना मी पहिल्यांदा आमची गल्ली डोळे उघडून पाहिली. न्हावी फोन बघत दाढी करत होता आणि ज्याची दाढी चालली होती तोही फोन बघत होता. भाजीवालीच्या तराजूशेजारी कर्कश आवाजात मालिका चालू होती. कट्ट्यावर म्हातारे बसले होते, ज्यांनी कित्येक वर्षं एकमेकांशी गप्पा मारल्या होत्या आणि आता एकमेकांना व्हिडिओ पाठवत होते, हाताच्या अंतरावरून, आमच्या खर्चाने. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि आम्ही घरात पंखे बंद करून घाम गाळत बसलो होतो.

मी घरात शिरले ती तारेखालून, पण रागाने ताठ झालेली मान कशीबशी वाकवून. सगळं सांगितलं. सासरे शांतपणे ऐकत होते.

"त्याला गळती कोण म्हणेल?" ते म्हणाले. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "गळती म्हणजे वाया जाणं. हे तर लोक पितायत."

"बाबा, ते आपलं आहे!"

"नळ आपला असतो. पाणी कसं आपलं असेल? शिंपी म्हणाला काका, जरा मिळेल का. मी काय नाही म्हणू? पाण्याला कधी कोणाला नाही म्हटलं नाही मी."

हे मात्र साफ खोटं होतं, आणि ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. समोरच्या घरात मोटारवाले राहतात. या गृहस्थांनी फार पूर्वी मुख्य पाइपाला गुपचूप मोटार बसवून गल्लीचं पाणी आपल्या टाकीत ओढलं होतं. सासऱ्यांनी कांब लावून ती चोरी पकडली आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असताना त्यांचा नळ तोडला. पाहुण्यांसमोर बिचाऱ्यांना शिंप्याकडून बादल्या वाहाव्या लागल्या. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. त्यांचं इंटरनेट स्वतःचं, दणकट, आणि त्याचं नाव 'खाजगी'. गल्लीत आमच्या नळावर न येणारं तेवढं एकच घर होतं.

मी तोंड उघडणार तोच सासूबाईंनी पुस्तक मिटलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आयुष्यभर सगळ्यांना पाळीने पाणी सोडलंत," त्या म्हणाल्या. "शिंप्याची पाळी झाली, न्हाव्याची झाली. माझी पाळी कधी यायची?"

सासरे उठले. कांब उचलून माळ्यावर ठेवायला गेले, तारेखाली वाकायला विसरता विसरता वाकले आणि बराच वेळ माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. मला त्या क्षणी दोघांचीही कीव आली, आणि स्वतःचाही राग आला, का ते कळलं नाही.

शिडीवरून उतरले ते मात्र वेगळेच.

"पासवर्ड बदलू या," मी म्हटलं. "एका मिनिटाचं काम आहे."

"न सांगता पुरवठा बंद करायचा नसतो," ते म्हणाले. "लोकांनी भांडी रिकामी ठेवलेली असतात." आणि दारामागची चावी सायकलला बांधून ते बाहेर पडले. थोड्याच वेळात गल्लीभर त्यांचा आवाज घुमला, "ऐका हो! उद्या सकाळी अकरा ते बारा पुरवठा बंद राहील! नागरिकांनी आजच साठा करून ठेवावा!"

नागरिकांनी साठा केला. शिंप्याने पाच सिनेमे उतरवून घेतले. भाजीवालीने मालिकेचं अख्खं वर्ष भरून ठेवलं. कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना काय साठवावं हे सुचेना, म्हणून त्यांनी दिसेल ते साठवलं. त्या संध्याकाळी आमच्या घरात एक अक्षर पुढे सरकत नव्हतं. सासूबाई पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपून गेल्या.

सकाळी अकराला मात्र चमत्कार झाला. सासरे दारोदार फिरले, एकेकाला फोन बंद करायला लावला, प्रत्येक दारापाशी खाली वाकून हवेतच चावी उलटी फिरवल्यासारखी फिरवली आणि परत आले. मी संगणकावर पाहिलं तर वेग असा की माझा विश्वास बसेना. सासूबाई नवी साडी नेसून टेबलाशी बसल्या. पडद्यावर दोन परीक्षक दिसले, एक पुरुष, एक बाई. पुरुषाच्या चष्म्यात आमची तारसुद्धा दिसत होती.

"खोलीत दुसरं कोणी नसावं," परीक्षकबाई म्हणाल्या. "आणि संपर्क तुटला तर आम्ही पाच मिनिटं थांबू. त्यानंतर परीक्षा संपली."

आम्ही वाकून बाहेर आलो. बाहेर सगळी गल्ली जमली होती. इंटरनेट बंद म्हटल्यावर लोकांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं, साठवलेलं बघायचं कोणालाच आठवलं नाही, आणि ज्या कारणाने बंद आहे ते तरी बघावं म्हणून सगळे आले होते. शिंपी गळ्यात टेप अडकवून आला होता. न्हाव्याबरोबर अर्ध्या दाढीचा एक माणूस होता. सगळे चिडीचूप. अशी शांतता आमच्या गल्लीत कोणी मेल्यावरही नसते. उघड्या खिडकीतून सासूबाईंची उत्तरं ऐकू येत होती, एकामागून एक, स्वच्छ, न तुटता. सासरे पायरीवर बसून होते. प्रत्येक उत्तर पुरं झालं की ते शेजारच्याला हळूच सांगायचे, "पोचलं."

मग परीक्षकांनी शेवटचा प्रश्न विचारला, "माणूस स्वतःला ओळखू शकतो का?"

आणि आतून काहीच ऐकू आलं नाही.

एक क्षण गेला, दोन गेले. सासऱ्यांनी मान वर केली. अजून शांतता. "थिजलं," ते म्हणाले. "हवा धरली!" आणि कोणी काही म्हणायच्या आत ते उठले, आणि बटण बंद-चालू करायला आत धावले.

सासूबाई विचार करत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विचार करायला कोणी वेळ दिला होता, आणि त्या तो घेत होत्या.

धावताना सासरे वाकायचं विसरले. त्यांनीच ताणलेली, एकही वळण नसलेली, पूर्ण दाबाची ती तार त्यांच्या गळ्याखाली अडकली, आधी ते मागे फेकले गेले आणि मग फटकन तार तुटली. राउटरवरचा हिरवा दिवा लाल झाला. पडद्यावर परीक्षकबाई एक भुवई वर करून थिजल्या.

सासूबाईंनी जमिनीवर पडलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं आता रडतील. पण त्यांनी फक्त पदर सारखा केला आणि पडद्यासमोर तशाच बसून राहिल्या, जणू सुटलेली गाडी परत येणार आहे.

"आई, समोरच्यांचं येतंय!" मी आत धावले आणि संगणक उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत ओरडले. यादीत सगळ्यात वर, पूर्ण दाबाने, 'खाजगी' दिसत होतं. कुलूप लावलेलं.

सासरे उठले. गळ्यावर लाल वळ उमटला होता. ते गल्ली ओलांडून समोरच्या पायरीपाशी गेले. मोटारवाले दारातच उभे होते, हाताची घडी घालून. आमची गल्ली अशी अरुंद की दोन्ही घरांत काय चाललंय ते सगळ्यांना दिसावं.

ज्याने जन्मभर फक्त दिलं, त्याला मागायचं कसं ते माहीत नसतं. शेवटी सासरे तोंडाला येईल ते बोलले, "जरा... पाणी मिळेल का?"

मोटारवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या सासूबाईंकडे. वाटलं, आता ते बादल्यांचा सगळा हिशेब चुकता करणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर भलताच भाव आला. ते चक्क लाजले.

"देतो की. वहिनींसाठी काय, देतो. पण... थांबा, मी पासवर्ड बदलतो आधी."

"बदलायला वेळ नाही. आहे तो सांगा."

"अहो, जुना आहे तो. रागाच्या भरात ठेवलेला."

"सांगा हो!"

मोटारवाल्यांनी त्यांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं. सासऱ्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग ते वळले, गल्लीच्या मधोमध येऊन उभे राहिले, आणि ज्या आवाजात त्यांनी आयुष्यभर पुरवठ्याच्या वेळा सांगितल्या त्याच आवाजात माझ्याकडे बघून ओरडले,

"चावीवाला गाढव आहे! सगळं जोडून!"

गल्लीत कोणी हसलं नाही. मी टाइप केलं. चुकलं.

"लागत नाही!"

"शेवटी एक आकडा आहे!" मोटारवाले पुटपुटले, "पासवर्डात आकडा लागतोच म्हणून..."

"चावीवाला गाढव आहे, एक!" सासरे पुन्हा ओरडले, छाती भरून, मान ताठ करून, "सूनबाई, नीट घे! चावीवाला! गाढव! आहे! एक!"

लागलं.

पडद्यावर परीक्षकबाईंची भुवई खाली आली. "तुमचा संपर्क तुटला होता," त्या म्हणाल्या. "आता आलाय. तिकडे ओरडतंय कोण?"

"आमचे हे," सासूबाई म्हणाल्या.

"बरं. प्रश्न असा होता, माणूस स्वतःला ओळखू शकतो का?"

सासूबाईंनी खिडकीतून बाहेर पाहिलं. सासरे अजून गल्लीच्या मध्यावरच उभे होते, गळ्यावर वळ, धाप लागलेली. पासवर्ड पोचला की नाही हे त्यांना कळलं नव्हतं, म्हणून ते पुन्हा एकदा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, सगळ्या गल्लीला सांगत होते.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "वेळ लागतो. पण ओळखू शकतो."